प्लास्टिकच्या आधारावर किण्वन: जीवाणू चिकटतील का यापेक्षा सुटतील कसे, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅक्टिक आम्लाचं किण्वन सध्या बॅचमध्ये, म्हणजे एकेक घाणा करून चालतं, ते कंटिन्युअस, म्हणजे अखंड वाहतं करायचं आहे आणि त्यासाठी फर्मेंटरमध्ये (किण्वनाच्या भांड्यात) प्लास्टिकचा आधार भरायचा आहे. समोर तीन पर्याय आहेत. सांडपाणी प्रक्रियेत वापरतात तशी पॉलिइथिलीनची छोटी चाकं, पॉलिप्रॉपिलीनच्या साध्या कड्या, किंवा सोयाबीनची टरफलं मिसळून बनवलेलं संमिश्र प्लास्टिक. यातलं कोणतं घ्यावं, किती भरावं, आणि जीवाणू त्यावर नीट चिकटतील का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळे त्याचीच काळजी करतात आणि तीच सगळ्यात कमी करायला हवी. जीवाणू चिकटतात. नको असतात तिथेही चिकटतात: गॅस्केटखाली, पीएच प्रोबच्या खाचेत, सॅम्पल काढायच्या नळीत. ज्याने फर्मेंटर उघडून हाताने धुतला आहे त्याला तो बुळबुळीत थर ओळखीचा असतो. प्लास्टिक जरा खरखरीत असेल, पोषण मिळत असेल आणि ढवळणं बेताचं असेल तर आठ-दहा दिवसांत फिल्म, म्हणजे जीवाणूंचा चिकटलेला थर, धरते. खरी अडचण महिन्याभराने सुरू होते. तोवर फिल्म जाड झालेली असते, कड्यांमधल्या वाटा बुजायला लागतात आणि एखाद्या दिवशी अर्धी फिल्म एकदम सुटून बाहेर येते. म्हणून आधार निवडताना माझा पहिला प्रश्न असतो की यावरची जास्तीची वाढ मी कशी काढणार आहे. पुढचं सगळं याच प्रश्नाला धरून आहे.

त्याआधी एक हिशेब करून बघा. हा हिशेब न करताच पुष्कळ जण कड्या मागवतात. सांडपाण्याच्या चाकांचा सगळ्यात परिचित नमुना नॉर्वेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाला. पॉलिइथिलीनचं साधारण सेंटीमीटरभर व्यासाचं चाक, आत फुली. अशा एक घनमीटर चाकांच्या ढिगात आतला, घासला न जाणारा पृष्ठभाग 500 चौरस मीटरच्या आसपास मिळतो. तुमच्या 1,000 लिटरच्या फर्मेंटरमध्ये निम्म्या जागेत ती भरली तर 250 चौरस मीटर. त्यावर 0.1 मिलिमीटर जाडीची फिल्म धरली तर ओली फिल्म झाली 25 लिटर. ओल्या फिल्मच्या लिटरमागे पेशींचा 50 ग्रॅम कोरडा भार धरू, म्हणजे एकूण सव्वा किलो. फर्मेंटरच्या लिटरमागे सव्वा ग्रॅम! चांगल्या बॅचमध्ये मोकळ्या, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या पेशीच लिटरमागे चार-पाच ग्रॅम सहज असतात. फिल्म तिप्पट जाड केली तरी आकडा पावणेचारच्या वर जात नाही.

म्हणजे आधार भरल्याने पेशींची संख्या आपोआप अनेक पटींनी वाढते, हे खरं नाही. बारीक कड्या घेतल्या किंवा फोमसारखा सच्छिद्र आधार घेतला तर आकडा वर जातो, पण मग वाटा बुजण्याचा धोकाही तितकाच वाढतो.

मग फायदा कुठे आहे? फायदा पेशी टिकण्यात आहे. कंटिन्युअस फर्मेंटरमध्ये मोकळ्या पेशी बाहेर जाणाऱ्या ब्रोथबरोबर (किण्वनाच्या पोषक द्रवाबरोबर) वाहून जातात. त्यांच्या वाढीचा वेग डायल्यूशन रेटपेक्षा (भांड्यातला किती हिस्सा द्रव ताशी बदलतो त्यापेक्षा) कमी पडला की वॉशआउट, म्हणजे पेशी धुऊन जाणं, ठरलेलंच. पुस्तकातला कमाल वाढीचा वेग ताशी 0.4 असेल तर 1,000 लिटरच्या भांड्यातून ताशी 400 लिटर काढता येतील असं वाटतं. पण तो आकडा आम्ल साचलेलं नसतानाचा असतो. लॅक्टेट (म्हणजे साचलेलं लॅक्टिक आम्ल) वाढत गेलं की वाढ मंदावते, आणि तुम्हाला तर जास्त आम्ल असलेलाच ब्रोथ हवा आहे. त्या स्थितीत वाढीचा वेग ताशी 0.1 किंवा त्याहूनही खाली गेलेला असू शकतो, आणि मोकळ्या पेशींचं कंटिन्युअस तिथेच अडतं.

आता दुसरी बाजू. लुडेकिंग आणि पिरे यांनी 1959 मध्ये लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकीवर काम करून दाखवलं की आम्ल तयार होण्याचा वेग दोन भागांचा असतो. एक भाग वाढीशी बांधलेला, दुसरा नुसत्या पेशींच्या प्रमाणाशी. म्हणजे वाढ जवळपास थांबलेल्या पेशीही आम्ल देत राहतात. अशा पेशींना जागेवर धरून ठेवणं म्हणजेच आधाराचा खरा उपयोग. शिवाय होमोफर्मेंटेटिव्ह जातींमध्ये ग्लुकोजपासून जवळपास फक्त लॅक्टिक आम्ल बनतं, वायू सुटत नाही आणि ऑक्सिजनही लागत नाही. आधारावरच्या किण्वनासाठी याहून सोयीची प्रक्रिया मिळणं कठीण आहे, तेव्हा तुमची निवड योग्य दिशेने चालली आहे.

हे सगळीकडे लागू होत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. ऑक्सिजन लागणारी प्रक्रिया असेल तर फिल्मच्या वरच्या 100-200 मायक्रॉनमध्येच ऑक्सिजन संपतो आणि आतल्या पेशी नुसत्या जागा अडवतात. व्हिनेगरचा इतिहास बघा. जर्मनीत शुट्झेनबाख यांनी 1823 मध्ये बीच लाकडाच्या तासलेल्या छिलक्यांवरून मद्य झिरपवण्याची जलद पद्धत आणली आणि ती शंभर वर्षांहून जास्त टिकली. पण 1949 च्या सुमारास ह्रोमाट्का आणि एबनर यांनी बुडीत पद्धत मांडली. बारीक बुडबुड्यांनी हवा मिळाल्यावर मोकळ्या ॲसिटोबॅक्टरनी (व्हिनेगर बनवणाऱ्या जीवाणूंनी) छिलक्यांना मागे टाकलं. यीस्टने इथेनॉल करायचं असेल तर अडचण वेगळी. एक किलो ग्लुकोजमागे जवळपास 490 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला अडीचशे लिटरहून जास्त वायू. गच्च भरलेल्या कड्यांमध्ये तो अडकतो, कड्यांचा थर उचलतो, आणि द्रव एकाच वाटेने पळायला लागतो. तिथे हलता थर (कड्या द्रवात फिरत राहतात असा) किंवा उभा, मोकळा आधारच चालतो.

आता प्लास्टिकबद्दल. पहिली चाळणी वाफेची. फर्मेंटर जागेवरच 121 अंशांवर निर्जंतुक करणार असाल तर पर्याय लगेच कमी होतात. पॉलिप्रॉपिलीन 160 ते 165 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ते टिकतं. पॉलिइथिलीनमधलं घट्ट प्रकारचंही 130 च्या आसपास वितळतं, म्हणजे 121 ला ते वितळत नाही पण मऊ पडतं, आणि खालच्या थरावर वरच्यांचं वजन असतं. पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन तर त्याआधीच आकार सोडतात. पॉलिकार्बोनेट वाफ सोसतं, पण वारंवार वाफ आणि अल्कली मिळाली की त्याची साखळी तुटते आणि ते ठिसूळ होतं. पॉलियुरेथेन फोम घ्यायचाच असेल तर ईथर प्रकारचा घ्या, एस्टर प्रकारचा गरम पाण्यात लवकर विरघळत जातो. म्हणून सांडपाण्याची पॉलिइथिलीनची चाकं तुमच्या कामाला मला योग्य वाटत नाहीत. ती बनली आहेत उघड्या टाकीसाठी, जिथे निर्जंतुकीकरणाचा प्रश्नच नसतो. रसायनाने निर्जंतुक करणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग चाकांच्या आतल्या कोपऱ्यांत ते रसायन पोहोचलं आणि नंतर पूर्ण धुतलं गेलं, याची खात्री तुम्हालाच करावी लागेल.

दुसरी चाळणी प्लास्टिकमध्ये काय मिसळलंय याची. इथे माझा एक अनुभव सांगतो. पॉलिप्रॉपिलीनची घनता 0.9, ब्रोथची 1.02 ते 1.05. म्हणजे कड्या तरंगतात. आम्हाला बुडणाऱ्या कड्या हव्या होत्या, आणि एका पुरवठादाराने खनिज भरून जड केलेल्या कड्या दिल्या. पहिल्या काही दिवसांत पीएच धरून ठेवायला अमोनिया नेहमीपेक्षा बराच कमी लागला. साखर मात्र ठरल्याप्रमाणे उतरत होती, आणि प्रयोगशाळेतलं लॅक्टेटही बरोबर येत होतं. हिशेब जुळेना. शेवटी एक कडी धुऊन, वाळवून भिंगाखाली धरली. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग टाचणीने टोचल्यासारखा झाला होता, अगदी सारख्या अंतरावर बारीक खड्डे. भरलेलं खनिज कॅल्शियम कार्बोनेट होतं. आमच्या आम्लाचा एक भाग तेच खात होतं आणि ब्रोथमध्ये कॅल्शियम लॅक्टेट जात होतं. त्या खड्ड्यांमुळे फिल्म मात्र सुरेख धरली. पण शुद्धीकरणाच्या टप्प्यावर ते कॅल्शियम फार महागात पडलं. तेव्हापासून कडी घेताना मी आधी ती पातळ आम्लात टाकून बघतो. बुडबुडे आले तर परत. जड कड्याच हव्या असतील तर टाल्क किंवा बेरियम सल्फेट भरलेल्या मागा, ते आम्लात स्वस्थ राहतात.

तसंच, साच्यातून प्लास्टिक सहज सुटावं म्हणून घातलेले निसरडे पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतात. नव्या कड्या गरम डिटर्जंटने, मग पाण्याने नीट धुतल्याशिवाय वापरू नका. आणि पुनर्वापरातलं प्लास्टिक कितीही चांगलं दिसलं तरी घेऊ नका. त्यात आधीच्या आयुष्यातलं काय उरलंय हे कोणी सांगू शकत नाही. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं साधं पॉलिप्रॉपिलीनही टाळा, ते काही महिन्यांत तडकायला लागतं.

संमिश्र प्लास्टिकबद्दल मला मनापासून आदर आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात 1990 च्या दशकात अँथनी पोमेटो, अली डेमिर्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम उभं केलं. पॉलिप्रॉपिलीन साधारण निम्मं, बाकी सोयाबीनची टरफलं, सोयापीठ, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, क्षार यांसारखं मिश्रण एक्स्ट्रूडरमधून गरम अवस्थेत नळीसारखं काढायचं आणि कापून कड्या करायच्या. कल्पना सुंदर आहे. टरफलांमुळे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पाणी धरतो, नुसत्या पॉलिप्रॉपिलीनसारखं पाणी झटकत नाही. शिवाय आतलं पोषण हळूहळू झिरपतं, नेमकं फिल्मच्या मुळाशी. लॅक्टिक जीवाणू खाण्यापिण्याच्या बाबतीत चोखंदळ, त्यांना अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं तयार लागतात, त्यामुळे त्यांना हे फार मानवतं. ब्रोथमधलं महागडं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट त्यामुळे कमी करता येतं.

पण ते झिरपणं कधीतरी संपतं. त्यानंतर उरतो तो पोकळ झालेला, नाजूक सांगाडा. त्याला गरम कॉस्टिकने धुता येत नाही, धुतलं तर उरलेलं सोयाही निघून जातं. निर्जंतुक करतानाही जपावं लागतं: पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं तर पोषणाचा मोठा वाटा गटारात गेला. आणि आम्ल खाद्यपदार्थात जाणार असेल तर सोयाची ॲलर्जी हा मुद्दा कागदोपत्री मांडावाच लागेल. म्हणून माझं मत असं, की प्रयोगशाळेत आणि पायलटवर, म्हणजे मधल्या आकाराच्या चाचणी भांड्यात, संमिश्र कड्यांवर काम करा, त्यातून तुमच्या जातीला पृष्ठभाग कसा हवा ते कळेल. मोठ्या भांड्यात मात्र खरखरीत केलेलं शुद्ध पॉलिप्रॉपिलीन घ्या आणि पोषण ब्रोथमधून द्या. ते धुता येतं, आणि मी सुरुवातीला म्हटलं त्याप्रमाणे, काढता येणं हे चिकटण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

भरताना पहिल्याच दिवशी एक त्रास होतो. कोरड्या कड्या भांड्यात टाकल्या की सगळ्या वर येऊन थांबतात आणि त्यांच्या आत हवा अडकलेली असते. हवेच्या बुडबुड्याला टेकलेला भाग ना ओला होतो, ना त्यावर काही धरतं. उपाय सोपा आहे. कड्या वरून जाळी लावून द्रवात बुडवलेल्या ठेवा, वाफेवर तापवा आणि द्रवातच थंड होऊ द्या. तापताना हवा फुगून बाहेर पडते, थंड होताना तिच्या जागी द्रव आत शिरतो. संमिश्र कड्यांना हे पाण्यात करू नका, ब्रोथमध्येच करा, म्हणजे झिरपलेलं वाया जात नाही.

किती भरावं हे थर हलता आहे की स्थिर यावर ठरतं. हलता असेल तर भांड्याच्या दोन तृतीयांशाच्या वर जाऊ नका, त्यापुढे कड्या एकमेकींत अडकतात आणि हलायचं थांबतात. हलत्या थरात बाहेरचा पृष्ठभाग घासून साफ राहतो, फिल्म फक्त आतल्या आडोशाला टिकते. म्हणून तिथे आतून भिंती असलेली कडी हवी. या घासण्यामुळेच फिल्मची जाडी आपोआप आटोक्यात राहते, आणि मला हलता थर आवडतो तो त्यासाठीच. मात्र कड्यांची झीज होऊन प्लास्टिकचा बारीक चुरा ब्रोथमध्ये जातो. पुढे मेम्ब्रेन (अतिसूक्ष्म गाळण्याचा पडदा) असेल तर तिच्याआधी गाळणी लावाच. चुन्याने पीएच धरत असाल तर तेही बदला. कॅल्शियम लॅक्टेट कड्यांवर पांढरी साय धरल्यासारखं बसतं आणि त्याखाली फिल्म गुदमरते. अमोनिया किंवा कॉस्टिक वापरा.

सुरुवात घाईने करू नका. इनोक्युलम (जीवाणूंचं विरजण) घालून पहिली बॅच पूर्ण होऊ द्या, मग निम्मा किंवा अधिक ब्रोथ काढून ताजा भरा, असं चार-पाच वेळा करा. ढवळणं या काळात अगदी मंद. त्यानंतर प्रवाह सुरू करा, आधी वॉशआउटच्या खाली, मग दोन-तीन दिवसांनी हळूहळू त्याच्या वर. वर गेल्यावर मोकळ्या पेशी वाहून जातात आणि चिकटून राहणाऱ्या मागे उरतात, म्हणजे तुमची जात कड्यांवरच निवडली जाते. या टप्प्यावर ब्रोथ एकदम स्वच्छ दिसायला लागतो. नवखा माणूस इथे घाबरतो आणि पुन्हा इनोक्युलम घालतो. घालू नका. ब्रोथच्या गढूळपणावरून आता काही कळत नाही. अल्कलीचा पंप ताशी किती देतोय ते बघा. आम्ल किती बनतंय याची तीच सगळ्यात खरी नाडी आहे.

फिल्म मोजायला भांड्यात आधीपासून जाळीची छोटी पिशवी टांगून ठेवा, तिच्यात मोजून कड्या. दर आठवड्याला पाच काढा. निर्जंतुक क्षारपाण्यात अलगद विसळून मोकळ्या पेशी काढा, मग वाळूबरोबर जोरात हलवून फिल्म सोडवा आणि जिवंत पेशी प्लेटवर वाढवून मोजा. पाच दुसऱ्या कड्या वाळवून वजन करा. वजन वाढतंय पण प्लेटवरचा आकडा नाही आणि अल्कलीचा दरही वाढत नाही, असं दिसलं की आत मेलेला थर साचतोय. एक कडी ब्लेडने उभी कापून बघा. चांगली फिल्म पातळ, फिकट आणि घट्ट असते. जाडसर, पिवळट आणि बोट लावताच सरकणारी दिसली की ती सुटायच्या बेतात आहे.

अशा वेळी वाट बघू नका. ठरवून, आपल्या सोयीच्या दिवशी काढा: ब्रोथ उतरवा, निर्जंतुक क्षारपाणी भरा, काही मिनिटं जोरात नायट्रोजन सोडा आणि ते गढूळ पाणी फेकून द्या. कड्यांवर पातळ थर उरतो, आणि तो एक-दोन दिवसांत भांडं पुन्हा जोरावर आणतो. मी हे ठरावीक दिवसांनी न करता आकडे बघून करतो. स्थिर थर असेल तर आणखी एक चाचणी जोडा: थोडं मीठ एकदम सोडा आणि बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची विद्युतवाहकता मोजत राहा. मीठ अपेक्षेपेक्षा फार लवकर बाहेर आलं, तर थराचा मोठा भाग बुजलाय आणि द्रव चोरवाटेने जातोय.

संसर्गाबद्दल एक सावधगिरी. जो आधार तुमच्या जीवाणूला घर देतो, तो परक्यालाही देतो. बॅचमध्ये चूक झाली तर ती एका बॅचपुरती. इथे ती कड्यांच्या आत बसून राहते. म्हणून दर आठवड्याच्या त्या कड्यांचाच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघा, ब्रोथचा नाही. एकूण आम्ल तेवढंच पण ॲसेटिक आम्ल दिसायला लागलं, किंवा प्रकाशीय शुद्धता (लॅक्टिक आम्लाच्या एल आणि डी रूपांपैकी हव्या त्या रूपाचा वाटा) घसरली, तर परका जीवाणू आत शिरला आहे असं धरा आणि कड्या बाहेर काढून कॉस्टिकने धुवा. अर्धवट उपाय करण्यात आम्ही एकदा तीन आठवडे घालवले आणि शेवटी धुवावंच लागलं.

मोठ्या भांड्याच्या कड्या मागवण्याआधी पाच-पाच लिटरच्या दोन भांड्यांत दोन प्रकारच्या कड्यांवर सहा आठवडे चालवा, त्याहून कमी नको, कारण फिल्म सुटण्याची पहिली वेळ बहुतेक चौथ्या-पाचव्या आठवड्यात येते. तिसऱ्या भांड्यात कड्या अजिबात घालू नका, तुलनेसाठी ते लागेल. तिन्ही भांड्यांत डायल्यूशन रेट टप्प्याटप्प्याने चढवा आणि प्रत्येक टप्प्यावर ब्रोथमधलं लॅक्टेट आणि उरलेली साखर लिहून ठेवा. कड्यांचं भांडं ज्या दराला कड्या नसलेल्या भांड्याच्या पुढे जाताना दिसेल, तो दर तुमच्या कारखान्याला खरंच लागणार आहे का ते बघा. नसेल, तर सेंट्रिफ्यूज किंवा मेम्ब्रेनने पेशी परत फिरवणं तुम्हाला कड्यांपेक्षा सोपं पडेल. असेल, तर ते आकडे आणि कडीच्या कापाचा एक स्वच्छ फोटो पाठवा. जाळी आणि स्पार्जर (वायू सोडायची नळी) कुठे बसवायचा ते त्यावरून सांगता येईल.